पत्त्याचा रकाना

या सदरातून आम्ही सहसा घरातल्या कागदांविषयी लिहितो. रेशनकार्डावर सुनेचे नाव कसे चढवायचे, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा, वारस नोंदीला काय लागते, अशा गोष्टी. या महिन्यात ज्यांना घरच नाही, त्यांच्या कागदांविषयी लिहायचे आहे. निमित्त एका खालांचे आहे. त्यांचे नाव आम्ही देत नाही.

खालांचे वय साठीच्या जवळ. रात्री त्या सोलापूर रेल्वे स्टेशनजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर झोपतात. त्यांचे शौहर यंत्रमागावर चादरी विणायचे. ते गेल्यावर खोलीचे भाडे थकले, अनामत रक्कम त्यातच संपली आणि खोली सोडावी लागली. मुलगी कलबुर्गीकडे दिलेली आहे. तिच्या दोन खोल्यांत नऊ माणसे. खाला तिथे महिनाभर राहिल्या आणि परत आल्या. हंगामात बाजार समितीत कांदा निवडायचे काम मिळते. बाकीचे दिवस कसे जातात ते त्या सांगत नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

त्यांचा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरायचा होता. या योजनेत निराधार माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. आम्ही अर्ज घेऊन त्यांच्याजवळ बसलो. नाव लिहिले, वय लिहिले. पत्त्याच्या रकान्यापाशी आल्यावर खाला थांबल्या. म्हणाल्या, "बेटा, पत्ता क्या लिखना?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आजचा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

कागदामागे कागद

निराधार योजनेसाठी काय काय लागते ते आधी पाहू. वयाचा दाखला, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे राहत असल्याचा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँक खाते. विधवा असल्यास पतीच्या मृत्यूचा दाखला. घरात राहणाऱ्या माणसाला ही यादी फार मोठी वाटणार नाही. कपाटातली पिशवी काढायची, झेरॉक्स काढायच्या, महा ई-सेवा केंद्रात जाऊन बसायचे.

उघड्यावर राहणाऱ्या माणसाचे कपाट म्हणजे त्याच्या उशाखालची प्लास्टिकची पिशवी. ती पावसात भिजते, झोपेत चोरीला जाते, कधी सफाईच्या गाडीत कचऱ्याबरोबर जाते. खालांची पिशवी अशीच एका पहाटे गेली. आधार गेले, पासबुक गेले, शौहरांच्या मृत्यूचा दाखलाही गेला.

पहिले काम आधारचे. इथे बऱ्याच जणांची एक चूक होते, ती खालांच्या बाबतीतही झाली. कुणीतरी त्यांना नवीन आधार काढायला सांगितले. ज्याचे आधार पूर्वी निघालेले आहे त्याची दुसरी नोंदणी होत नाही, ती फेटाळली जाते. हरवलेला क्रमांक आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून किंवा डोळ्यांच्या बुबुळांवरून शोधता येतो. खालांनी आयुष्यभर विड्या वळल्या, नंतर कांदा निवडला. बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्राने ठसा घेतलाच नाही. डोळ्यांनी काम केले आणि आधार मिळाले.

आधार मिळाले, पण त्यावर पत्ता होता सोडलेल्या खोलीचा. आम्हाला वाटले, चला, एक तरी पत्ता आहे. तोच लिहून अर्ज दिला. चौकशीला माणूस गेला. शेजाऱ्यांनी खरे ते सांगितले की, बाई इथे राहत नाहीत. अर्ज परत आला. कारण लिहिले होते, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आली नाही. या योजनेत निराधार असण्याची अट आहे, आणि खाला घरात सापडल्या नाहीत म्हणून त्यांचा अर्ज परत आला. कोणत्या कार्यालयात हे झाले ते लिहायचे कारण नाही, कारण चौकशीला गेलेल्या माणसाने त्याचे काम नियमाप्रमाणेच केले होते.

दुसरा अडथळा उत्पन्नाचा. या योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. महिन्याचे झाले १,७५० आणि दिवसाचे सुमारे ५८ रुपये. अर्ज भरणाऱ्या मुलाने खालांना विचारले, कमाई किती? खालांनी खरे सांगितले, कांद्याचे काम असते त्या दिवशी दोनशे मिळतात. मुलगा हळूच म्हणाला, "खाला, ते सांगू नका." तो त्यांच्या भल्यासाठीच बोलत होता. पण रोज नमाजला उभी राहणारी बाई एवढ्याशा अनुदानासाठी खोटे का बोलेल? वर्षातले किती दिवस काम मिळते आणि किती दिवस मिळत नाही, याचा हिशेब मांडायला अर्जात जागाच नाही.

योजना आहे, पैसाही आहे

सरकारने बेघरांसाठी काही केलेच नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात शहरांतील निवाऱ्यांचा प्रश्न हाती घेतला. त्यानंतर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा हा स्वतंत्र भाग ठेवला गेला. त्याचे नियम चांगले आहेत. दर १ लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा, तोही चोवीस तास उघडा. एका निवाऱ्यात किमान ५० माणसांची सोय. दर माणसामागे ५० चौरस फूट जागा. पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय. एकट्या स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी, आजारी माणसांसाठी वेगळे निवारे करण्याचीही तरतूद. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निवाऱ्यात आलेल्या माणसाला आधार, मतदार ओळखपत्र, रेशन, पेन्शन मिळवून द्यायला मदत करणे हे निवाऱ्याचेच काम मानले आहे.

२०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजारांच्या वर होती. म्हणजे या नियमाने आपल्या शहराच्या वाट्याला नऊ-दहा निवारे येतात. त्याच जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाखांहून जास्त बेघर माणसे मोजली गेली. ही मोजणी २८ फेब्रुवारी २०११ या एकाच रात्री झाली होती. त्या रात्री जो मोजणाऱ्याच्या नजरेला पडला तो आकड्यात आला. जो आडोशाला झोपला होता तो राहिला.

पैसा नव्हता, असेही नाही. निधी मंजूर असूनही निवारे का उभे राहत नाहीत, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला. २०१६ मध्ये न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वर पैसा आणि खाली गरज असूनही मधली वाट तुंबते. कारणे बरीच आहेत. जागा मिळत नाही, शेजारचे लोक विरोध करतात, अधिकाऱ्यांना इतर कामे असतात. पण त्यातले एक कारण कागदाचे आहे आणि ते सर्वांत स्वस्तात दूर होण्यासारखे आहे.

दुसरा अर्ज, संस्थेचा

निवारा महापालिकेचा असला, तरी तो चालवायला बहुधा संस्था नेमतात. म्हणजे माणसाच्या अर्जाआधी एक संस्थेचा अर्ज असतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या चार-पाच जणांनी असा निवारा चालवायला घ्यायचे मनात आणले. मंडळी मनापासून काम करणारी. सिव्हिल हॉस्पिटलबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना खिचडी वाटण्याचे काम त्यांनी बरीच वर्षे केलेले. आम्ही त्यांच्याबरोबर अर्ज वाचायला बसलो.

नोंदणी प्रमाणपत्र, घटना, मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, पॅन, दर्पण पोर्टलचा क्रमांक, विश्वस्तांची ओळखपत्रे, पूर्वी अशाच कामाचा अनुभव असल्याचे पत्र. हे सगळे मागणे गैर नाही. सार्वजनिक पैसा घ्यायचा तर हिशेब दाखवलाच पाहिजे. कागदावरच्या निवाऱ्यात कागदावरची माणसे झोपल्याची उदाहरणे ऐकली आहेत. अडचण अशी की, तेच कागद महापालिकेला वेगळे, दुसऱ्या विभागाला वेगळे, आहाराच्या मदतीसाठी वेगळे, प्रत्येक वेळी नव्या नमुन्यात आणि नव्या सही-शिक्क्यानिशी द्यावे लागले. खिचडी वाटणाऱ्या माणसाला अनुभवाचे पत्र कोण देणार, हाही प्रश्न होताच.

आपल्या समाजातल्या संस्थांपुढे आणखी एक पेच येतो. कित्येक संस्था वक्फ मंडळाकडे नोंदलेल्या असतात, धर्मादाय आयुक्तांकडे नसतात. अर्जात फक्त धर्मादाय नोंदणीचाच रकाना असेल, तर तिथे काय लिहायचे? संस्थेलाही मग खालांचाच प्रश्न पडतो.

आणि अर्ज मंजूर झाला तरी काम संपत नाही. अनुदान हप्त्याहप्त्याने येते. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर पुढचा हप्ता सुटतो. मोठ्या संस्थेकडे शिल्लक असते, ती मधले महिने काढते. छोट्या संस्थेला किराणा दुकानदार तीन महिन्यांपलीकडे उधार देत नाही. रखवालदाराचा पगार थांबला की रखवालदार जातो, आणि रखवालदार गेला की निवाऱ्याला कुलूप लागते. शिवाय योजनांना मुदत असते. ज्या अभियानाखाली हे निवारे उभे राहिले त्याचीच मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. एक योजना संपून दुसरी सुरू होईपर्यंतचे महिने कुणाच्या खात्यावर टाकायचे, हे कोणत्याच अर्जात लिहिलेले नसते.

आमच्या ओळखीच्या मंडळींनी शेवटी अर्ज केलाच नाही. ते अजून खिचडी वाटतात. खिचडी वाटायला अर्ज लागत नाही. पण खिचडी खाऊन माणूस झोपायला पुन्हा त्याच फुटपाथवर जातो.

कुंभारीचा धडा

कागद जुळले तर काय होते, हे पाहायला सोलापूरकरांना लांब जावे लागत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीत विडी कामगार स्त्रियांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचे वाटप झाले. पुढे त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचे रे नगर ठरले. ९ जानेवारी २०१९ रोजी पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातली १५ हजार घरे लोकांच्या हवाली केली. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावरचे, फेरीवाले, कचरा वेचणाऱ्या, गाड्या चालवणारे, असे सगळे त्यात आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेतून अशा घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळत होते.

या कामामागे माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या कामगार संघटनेची कित्येक वर्षांची मेहनत आहे. त्यांचे राजकारण कुणाला पटो न पटो, एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकेका बाईने एकेका खिडकीवर जाऊन ३० हजार अर्ज द्यायचे ठरले असते, तर किती पोहोचले असते? इथे कागद गोळा करणे, तपासणे, बँकेशी बोलणे, सरकारदरबारी पाठपुरावा करणे हे काम कामगारांच्या सहकारी संस्थेने एकत्र केले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटते. विडी कामगाराकडे विडी कामगार म्हणून ओळखपत्र असते. कायद्यानेच ते दिलेले आहे. ती बाई भाड्याच्या खोलीत राहो की झोपडीत, ती कोण आहे आणि काय काम करते याची नोंद सरकारकडे आधीपासून होती. पहिल्या वसाहतीचा पाया त्या नोंदीवर घातला गेला.

आमच्या खालांनी अठरा वर्षे विड्या वळल्या, पण कार्ड सासूच्या नावावर होते. सोलापुरात अशा किती जणी असतील, हे आमच्या वाचक भगिनींना आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. सासू गेली, कार्ड गेले. अठरा वर्षांच्या कामाचा एकही कागद खालांकडे नाही. कुंभारीची बस त्यांच्या समोरून जाते. त्यांच्याबरोबर पाटावर बसून विड्या वळणाऱ्या दोघी तिथे राहतात.

सोपे करता येते, हे सरकारनेच दाखवले आहे

पत्ता नसलेल्या माणसाचा अर्ज घेताच येत नाही, असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. मतदार नोंदणीचेच पाहा. बेघर माणूस नमुना ६ भरून मतदार होऊ शकतो. त्याने जिथे झोपतो ती जागा लिहायची. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना आपण बीएलओ म्हणतो, ते रात्री त्या जागी येऊन पाहतात. एकापेक्षा जास्त रात्री येऊन पाहायचे, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. माणूस खरोखर तिथे झोपतो असे दिसले, की पत्त्याचा कोणताही कागद लागत नाही. म्हणजे पुरावा शोधण्याचे काम कार्यालयाने स्वतःकडे घेतले.

बँकेतही अशी सोय आहे. ज्याच्याकडे कोणताच अधिकृत कागद नाही त्याला बँक अधिकाऱ्यासमोर फोटो आणि सही किंवा अंगठा देऊन 'छोटे खाते' उघडता येते. त्यात ५० हजारांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही, महिन्याला १० हजारांपर्यंतच पैसे काढता येतात आणि खाते सुरुवातीला एक वर्षासाठी असते. पण खाते उघडते.

फेरीवाल्यांच्या स्वनिधी योजनेत २०२० मध्ये असेच झाले. ज्याचे नाव सर्वेक्षणात नव्हते त्यालाही महापालिकेच्या शिफारसपत्रावर कर्ज घेता आले. २०१५ मध्ये राज्य सरकारने बऱ्याच कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र चालेल असे ठरवले. त्याच वर्षी लोकसेवा हक्क कायदा आला आणि दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे, हे ठरले.

बाहेरच्या जगातही हा प्रश्न सुटा नाही. अमेरिकेत बेघरांसाठी केंद्र सरकारचे तीन वेगवेगळे कार्यक्रम होते, तिन्हींचे नियम वेगळे. २००९ मध्ये तिथे कायदा करून ते एकत्र केले आणि त्या त्या शहरातल्या संस्थांनी मिळून एकच अर्ज करायचा, ही पद्धत पक्की केली. त्याने कागद कमी झाले. बेघर मात्र संपले नाहीत. जानेवारी २०२४ च्या मोजणीत तिथे ७ लाख ७१ हजारांहून जास्त माणसे बेघर होती, कारण घरभाडी वाढत गेली. तेव्हा अर्ज सोपा केला की प्रश्न मिटला, असे आम्ही म्हणत नाही. अर्ज सोपा केला की जे अनुदान ठरलेले आहे, ते तरी ज्याचे त्याला मिळते.

काय व्हायला हवे

आमच्या मते चार-पाच गोष्टी कराव्यात, आणि त्यांना फार मोठा खर्च नाही.

पहिली, बेघर माणसाच्या अर्जात निवारा केंद्राचा पत्ता किंवा झोपायची जागा हा पत्ता म्हणून चालावा. मतदार यादीला जे चालते ते निराधार योजनेला का चालू नये?

दुसरी, पडताळणी एकदाच व्हावी आणि ती कार्यालयाने जागेवर येऊन करावी. त्या एका पडताळणीवर रेशन, अनुदान, आरोग्य योजना सगळे मिळावे. एकाच खालांना पाच खात्यांनी पाच वेळा शोधायचे आणि पाचही वेळा त्या सापडल्या नाहीत म्हणायचे, हे थांबावे.

तिसरी, जो माणूस उघड्यावर राहतो असे एकदा पडताळणीत दिसले, त्याच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागू नये. दिवसाला ५८ रुपयांहून कमी मिळतात, हे सिद्ध करायला लावणे म्हणजे गरिबाला खोटे बोलायला शिकवणे आहे.

चौथी, संस्थांनी नोंदणी आणि हिशेब एकाच ठिकाणी द्यावेत, बाकी खात्यांनी ते तिथून घ्यावेत. नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असो वा वक्फ मंडळाकडे, दोन्हींसाठी रकाना असावा. पुढचा हप्ता किंवा पुढची योजना येईपर्यंत चालू निवाऱ्याचा खर्च थांबू नये. त्या बदल्यात तपासणी कडक असावी. अचानक रात्री यावे आणि माणसे मोजावीत.

पाचवी, अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे आणि पुढे काय करायचे तेही त्याच कागदावर लिहावे.

आपल्या हातात काय आहे

सरकारला सांगताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मदत फंडाचा अर्ज आम्ही मुद्दाम मागून पाहिला. त्यातही रेशनकार्डाची झेरॉक्स मागितली होती आणि पत्त्याचा रकाना होताच. रमजानमध्ये वाटप होते तेव्हा ज्याचे घर ठाऊक आहे त्याच्या दारी पाकीट जाते. ज्याला दारच नाही तो राहतो. जकातीचा पहिला हक्क कुणाचा, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. पुढच्या बैठकीत आपापल्या जमातीत हा एक रकाना बदलून घ्या.

एखाद्या बेघर माणसाला मदत करायची असेल, तर एवढे लक्षात ठेवा. आधार हरवले असेल तर नवीन काढू नका, आधार केंद्रावर आधी जुना क्रमांक शोधा. बोटे उमटत नसतील तर बुबुळांवरून पाहायला सांगा. पत्ता बदलायचा असेल तर मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र चालते. आमदार, नगरसेवक, राजपत्रित अधिकारी किंवा तहसीलदार यांचे ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्रही चालते. ते तीन महिन्यांच्या आत वापरावे लागते. अर्ज दिला की तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदतीत काम झाले नाही, तर लोकसेवा हक्क कायद्याखाली ३० दिवसांत अपील करता येते, आणि त्याला पोच लागते. सगळ्या कागदांचे फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवा. त्यांची पिशवी हरवली तरी आपल्या मोबाइलमधले राहतात.

आणखी एक. पुढची जनगणना २०२७ मध्ये ठरली आहे. बेघरांची मोजणी रात्री होते. आपल्या भागात कोण कुठे झोपतो हे आपल्याला माहीत असते. मोजणारे येतील तेव्हा त्यांना त्या जागा दाखवा. शहराला किती निवारे हवेत, हे त्या आकड्यावरून ठरते.

खालांचा अर्ज आम्ही दुसऱ्यांदा दिला आहे. या वेळी एका राजपत्रित अधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर आधी आधारचा पत्ता बदलून घेतला. पत्त्यापुढे त्या झोपतात त्या दुकानाची खूण आणि रस्त्याचे नाव लिहिले. चौकशी रात्री व्हावी, असा वेगळा विनंतीअर्ज जोडला आणि दोन्हींची पोच घेतली. मतदार यादीसाठी नमुना ६ सुद्धा भरला. त्या दिवसापासून खाला कुठे गेल्या तरी रात्री दहाच्या आत त्या पायरीवर परत येतात. मागच्या जुम्याला मुलीने कलबुर्गीला बोलावले होते, तर त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, साहेब नेमके त्याच रात्री आले आणि मी नसले तर?